बाबांच्या डोक्यातलं पाणी

करकेना बेट, १४ नोव्हेंबर १९९८

शेदली,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला निघाला असशील तर आधी एवढं वाच: बाप जिवंत आहे. मेला असता तर तार केली असती, पत्र लिहीत बसले नसते.

तुझा पत्ता तुर्कियामावशीच्या जावयाकडून काढला. तो सांगत होता, मार्सेलच्या बाजारात तू त्याला दिसलास, आणि त्याने गावाचं नाव काढताच ‘माझी बस आली’ म्हणून पळालास. चार वर्षं झाली, तुझी बस बरी वेळेवर येते.

म्हातारा कामातून गेलाय. दीड वर्षापूर्वी पायांपासून सुरुवात झाली. पाय उचलतच नाही. फाकवून, घासत घासत चालतो, तळव्यांना डिंक लावल्यासारखा. उंबऱ्याशी आला की अडतो. मागून ढकललं तर सरळ तोंडावर. गल्लीतली कार्टी त्याच्यामागून तसंच चालत जातात. परवा मीही हसले. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

मग कपड्यात व्हायला लागलं. आधी निदान कळायचं, पोचता यायचं नाही. आता कळतही नाही. दिवसाला चार चादरी धुते. तुर्कियामावशी भिंतीपलीकडून ओरडते, “दलेन्दा, आज ऑक्टोपस वाळत घातलेत की बाप?” बायका हसतात. एकविसाव्या वर्षापर्यंत चादर ओली करणारा तिचा हसन मी विसरलेली नाही, पण गप्प बसते.

आता आठवणही गेली. जेवला तरी जेवलो नाही म्हणतो. मला आईच्या नावाने हाक मारतो, “सालहा, जरा बस ना जवळ.” आई जाऊन अठरा वर्षं झाली, आणि ती असताना तिला हा कधी बस म्हणाला होता ते मला तरी आठवत नाही. आणि रोज संध्याकाळी न चुकता विचारतो, “शेदली समुद्रावरून आला का?” मी म्हणते, येतोय. वाढणारी समोर, आणि चौकशी पळालेल्याची.

गावातल्या डॉक्टरकडे नेलं. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. “वय काय?” म्हटलं, एकाहत्तर. “मग बाई, म्हातारपणाला औषध असतं का?” ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

गेल्या आठवड्यात पायरीवरून पडला. डावा डोळा सुजलाय.

मी सेहेचाळीस वर्षांची झाले. मोख्तार दोनदा मागणी घालायला आला होता, बोटीवर तिकिटं फाडायचा तो. दोन्ही वेळा बाबाने त्याला दारातूनच घालवलं. “ही गेली तर माझा कुस्कुस कोण शिजवणार?” तू तेव्हा आतल्या खोलीत गणितं सोडवत होतास. आता तुझी पाळी. येऊन घेऊन जा त्याला.

दलेन्दा


करकेना, २ जानेवारी १९९९

शेदली,

उत्तर नाही. ठीक. रमजान चालू आहे, उपाशी माणसाने खरं बोलावं म्हणून लिहिते.

तो पायरीवरून पडला नव्हता. मी मारलं होतं. तिसऱ्यांदा चादर बदलून वळले, तर त्याने उभ्यानेच सोडलं, माझ्या पायांवर. उलट्या हाताने दिली. बोटातली आईची अंगठी डोळ्याखाली लागली. तो रडला नाही. म्हणाला, “सालहा, माझं काय चुकलं?”

परवा रोजाच्या दिवसात भरदुपारी भाकरी खात बसला होता. लोकांनी खिडकीतून पाहिलं. त्याच्या तोंडातला घास मी बोट घालून काढला.

आणि त्याला बांधून ठेवते. हेही लिहून टाकते. नोव्हेंबरात एकदा तो ओहोटीच्या पाण्यात जाऊन बसला आणि कमरेएवढ्या पाण्यातून उठता येईना. दोन कोळ्यांनी टोपलीसारखा उचलून आणला. तेव्हापासून बाहेर जाताना त्याचं मनगट खिडकीच्या गजाला बांधते. ऑक्टोपस पकडायची मडकी ज्या दोरीला ओवतात, तीच दोरी. आधी त्याच्या जिवासाठी बांधत होते. हल्ली तुर्कियामावशीकडे चहाला जातानाही बांधते.

काल मावशीच्या नातवाला लस टोचायला नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, डॉक्टर रीम. जेमतेम सत्तावीस वर्षांच्या, पायात पोरांसारखे बूट. भिंतीपलीकडून बाबाची हाक ऐकू आली आणि त्या विचारल्याशिवाय आत आल्या. मी धावत मागे. त्यांनी दोरी पाहिली. वाटलं, आता पोलीस.

त्या एवढंच म्हणाल्या, “सोडा त्यांना. आणि चालवा.”

बाबा चालला. त्या त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, वाकून पावलांकडे बघत होत्या.

“आधी काय गेलं? पाय, लघवी की आठवण?”

“पाय.”

“नक्की? नीट आठवा.”

“नक्की. पायच. मग लघवी. डोकं सगळ्यात शेवटी.”

“म्हातारपणाच्या विसरभोळेपणात बहुतेक वेळा उलटं असतं,” त्या म्हणाल्या. “आधी आठवण जाते, पाय कितीतरी मागून. यांच्या डोक्यात पाणी साठलेलं असू शकतं. बोटीने स्फाक्सला नेऊन स्कॅन काढा. तसं असलं तर इलाज आहे.”

“म्हणजे बरे होतील?”

“थोडे होतील. कदाचित बरेच.”

शेदली, ऐकून मुलीला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. बरा झाला तर त्याला आठवेल.

दलेन्दा


स्फाक्स, ११ फेब्रुवारी १९९९

शेदली,

इस्पितळातून लिहिते आहे. बाबा झोपलाय.

स्कॅनच्या रांगेत सीदी बूझीदकडची एक बाई होती. मांडीवर सात महिन्यांचा मुलगा. डोकं कलिंगडाएवढं, डोळे खाली ढळलेले, कपाळावरच्या शिरा निळ्या. तिने वरून शाल घेतली होती आणि कोणी वाकून बघितलं की ती आणखी ओढत होती. सासूने तिला सांगितलं होतं, जिन्नने पोर बदललं, समुद्रात सोडून ये. पाच महिने ती एका फकिराकडून ताईत बांधून घेत राहिली. मी विचारलं, याला काय झालंय? म्हणाली, “डोक्यात पाणी. आणि तुमच्या बाबांना?” मी म्हटलं, तेच. तिने बाबाचं डोकं निरखून पाहिलं. “यांचं तर नेहमीएवढंच आहे की!”

तेच मी इथल्या मेंदूच्या डॉक्टरांना, डॉक्टर ब्राहमना विचारलं. त्यांनी फिल्म उजेडावर लावली. मेंदूच्या मधोमध दोन काळ्या पोकळ्या, फुगलेल्या.

“हे पाणी सगळ्यांच्याच डोक्यात असतं,” ते म्हणाले. “रोज अर्ध्या लिटरच्या आसपास नवं तयार होतं, मेंदूभोवती फिरतं आणि तेवढंच रक्तात जिरतं. वाट अडली किंवा जिरणं कमी झालं की आत साठतं. बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात, म्हणून डोकं मोठं होतं आणि आईला दिसतं. म्हाताऱ्याची कवटी पक्की. ती हलत नाही, आत मेंदू ताणला जातो. पायांकडे जाणाऱ्या वाटा या पोकळ्यांना लागूनच आहेत, म्हणून आधी पाय. लोकांना वाटतं, वय झालं.”

“पण होतं कशाने?”

“कोणाला जन्मापासून, कोणाला मेंदूज्वरानंतर, कोणाला गाठीमुळे. कधी डोक्यात रक्तस्राव होऊन गेल्यावर वाट बुजते. पुष्कळ म्हाताऱ्यांत कारण सापडतच नाही.” मग पेन उघडून त्यांनी विचारलं, “यांच्या डोक्याला मागे कधी जबर मार लागला होता?”

मी म्हणाले, “नाही.”

ऑक्टोबर चौऱ्याण्णव. मी किनाऱ्यावर ऑक्टोपस मऊ करायला दगडावर आपटत होते. गुडघाभर पाण्यात तुमची नाव, किनाऱ्यापासून शंभर पावलं. तुझा पासपोर्ट त्याने लपवला होता, म्हणून तू ओरडत होतास. तो हसला. नाव रेटायचा बांबू तू आधी वर उचललास, मग आडवा फिरवलास. त्याचं डोकं नावेच्या काठावर आपटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. ओला, माझ्या हातातल्या आवाजासारखाच. तीन दिवस तो ओकत होता आणि झोपत होता. इस्पितळात न्यायला हवं होतं. ‘नावेत पाय घसरला,’ असं गावाला आपण दोघांनी सांगितलं. आणि चौथ्या दिवशी गादीखालचा पासपोर्ट काढून तुझ्या हातात दिला तो मी. तू जाशील, तिथे बस्तान बसवशील आणि मला बोलावशील म्हणून दिला होता. तसं तू कबूल केलं होतंस, आठवतं का?

त्यानेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. कसे म्हणतील? मी सांगितलंच नाही.

काल त्यांनी परीक्षा घेतली. आधी बाबाला दहा मीटर चालवलं. नर्सच्या हातात घड्याळ. एक्केचाळीस सेकंद, अडतीस पावलं. मग कुशीवर निजवून कमरेच्या मणक्यातून सुईने पाणी काढलं, आपल्या चहाच्या पेल्यात मावेल एवढंच. निवळ, आईच्या डोळ्यांतल्या पाण्यासारखं, त्याला रंगच नव्हता. तीन तासांनी पुन्हा उभा केला.

एकोणीस सेकंद. वीस पावलं. भिंतीपाशी जाऊन तो आपला आपण वळला आणि परत आला. नर्सने टाळ्या वाजवल्या.

बाबा पलंगावर बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, “दलेन्दा, ती खिडकी लाव. वारा येतोय.”

वर्षभरात पहिल्यांदा माझं नाव. मी खिडकी लावली. वळून बघते तर तो अंगरखा मागे सारून आपल्या मनगटावरचा वळ बघत होता.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. कवटीला भोक पाडून नळी घालतात. कानामागे एक झडप, आणि नळी कातडीखालून मानेतून, छातीवरून पोटात. जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि तिथे जिरतं. कागदावर सही माझी.

दलेन्दा


करकेना, ३० मार्च १९९९

शेदली,

तुझं पत्र पोचलं. साडेचार वर्षांनी एक कागद, त्यावर एक ओळ: ‘नावेबद्दल काही बोलला का?’

कसा आहे, नाही विचारलंस. चालतो का, नाही विचारलंस. तू खरा त्याचा मुलगा आहेस.

बोलला. डॉक्टर ब्राहमनी त्यालाच विचारलं, बाबा, कधी डोक्याला लागलं होतं का? तो चटकन म्हणाला, “चार वर्षांपूर्वी नावेत पाय घसरला. माझीच चूक.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी नाही म्हटलं होतं. म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. म्हणजे तुझ्यासाठी आम्ही दोघंही खोटं बोललो. झोप आता निवांत.

ऑपरेशन झालं. आता तो काठी घेऊन बंदरापर्यंत जातो. रात्री चादर कोरडी. रोजचा वार सांगतो. पत्त्यांत हसनला हरवतो. आणि त्याला सगळं आठवतं. मधले काही महिने धुक्यात आहेत म्हणतो, पण नेमकं माझं तेवढं धुक्यात नाही.

परवा ईद होती. घर माणसांनी भरलं होतं, मेंढा कापून झाला होता, मी काळीज भाजून आणलं. बाबाने सगळ्यांसमोर बाही वर केली.

“हे बघा. माझ्या मुलीने मला ऑक्टोपसच्या दोरीने बांधलं. मेंढ्याला बांधतात तसं. मेंढ्याला निदान ईदला सोडवतात.”

कोणी हसलं नाही. तुर्कियामावशी म्हणाली, “मिलूद, जाऊ दे रे. तिनेच तुझं गू-मूत काढलं.”

“काढलं, आणि डोळाही काढत होती,” बाबा म्हणाला. “शेदली असता तर हिची हिंमत झाली असती का?”

ताट माझ्या हातात होतं. सांगून टाकावं असं वाटलं, तिथेच, काळजाच्या वाफेत: शेदली होता ना, बांबू घेऊन. नाही सांगितलं. माझं कोण ऐकणार? डोळ्याखालचा व्रण सगळ्यांना दिसतो, डोक्यातला कोणाला दिसणार?

माणसं गेल्यावर मी विचारलं, “बाबा, सगळं आठवतं तर मोख्तार आठवतो का?”

“तिकिटं फाडणारा? आठवतो तर.” दात कोरत म्हणाला, “बरं झालं ना नाही दिली ते. त्यालाही बांधलं असतंस.”

आता मला पाणी भरणाऱ्या बायकाही जागा देत नाहीत. डॉक्टर रीम तेवढ्या येतात. परवा पुन्हा बजावून गेल्या, “नळी तुंबू शकते. डोकं दुखलं, उलट्या, ताप, सारखी झोप, किंवा पाय पहिल्यासारखे घासायला लागले, तर त्याच दिवशी बोट पकडायची. दुसऱ्या दिवशी नाही.” माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मी शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं.

दलेन्दा


करकेना, ८ जून १९९९

शेदली,

तुझं दुसरं पत्र आलं नाही. येणार नाही हे आता मलाही कळतं. तरी लिहिते. हे सांगायला मला दुसरं कोणी नाही, आणि तू कोणाला सांगणार नाहीस. तुझं तोंड मी आधीच बांधलेलं आहे.

नऊ मेची सकाळ. बाबा कॉफीसाठी अंगणातून आत येत होता. उंबऱ्याशी उजवा पाय अडला. एकदा, दोनदा. मग सुटला. त्याने खाली पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कॉफीच्या भांड्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी बोट सुटली, आम्ही गेलो नाही. म्हटलं, एकदा अडला म्हणून काय झालं? दुसऱ्या दिवशी पावलं घासली. चौथ्या दिवशी चादर ओली. मी धुतली आणि मावशीला दिसू नये म्हणून घरातच वाळवली. बघ, किती जपलं.

सहाव्या दिवशी त्याने टोमणा मारला नाही. सातव्या दिवशी मला सालहा म्हणाला. “सालहा, दमलीस. बस.” मी बसले. भाकरी तेलात बुडवून भरवली, त्याने माझ्या हातून खाल्ली. मला बरं वाटत होतं, शेदली. ईदनंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी गोड बोलत होतं. रोज सकाळी बोटीचा भोंगा ऐकायचे आणि म्हणायचे, उद्या.

या वेळी बांधलं नाही. बांधायला हवं होतं. अकराव्या दिवशी मी विहिरीवर असताना तो अंगणात उठला आणि कोसळला. खुब्याचं हाड मोडलं.

मग बोट. मग स्फाक्स. डॉक्टर ब्राहमनी विचारलं, “पाय कधीपासून घासत होते?” मी म्हटलं, “कालपासून.” त्यांनी लिहून घेतलं. पोटातलं नळीचं टोक बुजलं होतं, ते बदललं. खुब्यात खिळा घातला.

आठव्या दिवशी ते तपासायला आले. बाबा उशीला टेकून बसला होता, डोळे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, “नशीब म्हणा, मुलीने एका दिवसात आणलं. पुष्कळ लोक महिनाभर लावतात.”

“एका दिवसात?” बाबा म्हणाला. “अकरा.”

डॉक्टर थांबले. त्यांच्यामागे शिकाऊ पोरांचा घोळका होता, तोही थांबला.

“पहिल्या दिवशी उंबऱ्यात पाय अडला. हिने पाहिलं. मी हिच्याकडे पाहिलं. म्हटलं, बघू तरी, कधी बोलते. पुढचं पुढचं अंधुक आहे. पण रोज सकाळी भोंगा वाजायचा तो आठवतो, आणि ही हलायची नाही तेही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कागदावर खाडाखोड केली आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

मला कोणी काही केलं नाही. पोलीस नाही, काही नाही. घरी न्यायची वेळ आली तेव्हा सही करायला माझ्याशिवाय कोणी नव्हतंच. मोडलेला पाय आखूड झालाय आणि त्यावर भार देता येत नाही. उभा राहण्याची आशा सोडा म्हणाले. डोकं मात्र लख्ख. नळी उत्तम चाललीय.

परतताना बोटीवर त्याची खुर्ची कठड्याशी लावली. कोणी जवळ नव्हतं. मी विचारलं, “तुम्हाला कळलं होतं, तर बोलला का नाहीत? रीमबाई होत्या, मावशी होती. मरायचं होतं का?”

“आणि तू का नाही बोललीस?”

तो समुद्राकडे बघत होता. भरती होती, जाळ्यांचे खुंट पाण्याखाली गेले होते. म्हणाला, “शेदलीला लिहितेस ना? मला माहीत आहे, लिहितेस. त्याला लिही, नावेत माझा पाय घसरला होता. त्याने मनाला लावून घेऊ नये.”

“आणि माझं काय लिहू?”

“तुझं तू बघ,” म्हणाला, आणि भूक लागली म्हणून हात पुढे केला. मी उकडलेलं अंडं सोलून दिलं.

त्याचा निरोप लिहिला. पोचला असं समज.

बंदरावर चौघांनी खुर्ची उचलली. आता तो पुढच्या खोलीत असतो, खिडकीपाशी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर तीन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. मी गजर लावते, उठते, एक हात खांद्याखाली आणि एक त्या खुब्याखाली घालून वळवते. दुखतं, पण ओरडत नाही. माझं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर असतं. वळवून होईपर्यंत तो डोळे मिटत नाही.

दलेन्दा